सॉकेटचं राजकारण

डेस्कटॉप अपग्रेड करायचा म्हटलं की पहिली चर्चा होते रॅमची. मग एसएसडीची. गेम खेळणारी मंडळी ग्राफिक्स कार्डावर तासन् तास बोलू शकतात. पण प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो त्या सॉकेटबद्दल स्वतःहून कोणी विचारत नाही. आणि जुनं मशीन वाचणार की भंगारात जाणार, हे बऱ्याचदा तो चौकोनच ठरवतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि हा विषय एकदम घराघरात पोचला. विंडोज ११ ला अधिकृतपणे ठराविकच प्रोसेसर चालतात. इंटेलची साधारण आठवी पिढी आणि त्यापुढचे, एएमडीचे साधारण रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे. म्हणजे २०१७ साली हौसेनं घेतलेलं, आजही धडधाकट असलेलं मशीन त्या यादीच्या बाहेर. मग साहजिक प्रश्न येतो, नुसता प्रोसेसर बदलून भागेल का?

याचं उत्तर तांत्रिक असणार असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं उत्तर धंद्याचं आहे, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच पुरवठादारावर सगळा भार टाकायची त्यांची तयारी नव्हती. दुसरा कोणीतरी तीच चिप बनवणारा हवा होता. त्यातून १९८२ साली इंटेल आणि एएमडीचा करार झाला. दोघांच्या चिपा एकाच जागी बसायच्या, कारण मुळात त्या एकच होत्या. पुढे पीसीचा बाजार अफाट वाढला आणि इंटेलला भागीदाराची गरज उरली नाही. ३८६ च्या वेळी त्यांनी आराखडे द्यायला नकार दिला. प्रकरण लवादाकडे आणि कोर्टात गेलं, आणि एएमडीने स्वतःच्या हिमतीवर ३८६ ची नक्कल करून १९९१ मध्ये ती बाजारात आणली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोर्टाने '३८६' हा नुसता आकडा ट्रेडमार्क होऊ शकत नाही असा निकाल दिला. म्हणूनच १९९३ साली ५८६ नावाची चिप आली नाही, 'पेंटियम' आला. नाव राखायची सोय झाली. पण बसायची जागा अजून सगळ्यांना मोकळीच होती.

ती जागा म्हणजे १९९५ सालचं सॉकेट ७. ३२१ पिनांचं, पांढरं, बाजूला उचलायची दांडी असलेलं. दांडी वर केली की प्रोसेसर अलगद आत बसायचा, जोर लावायचा नाही. या एका चौकोनात इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचे के५ आणि के६ बसायचे, सायरिक्सचा ६एक्स८६ बसायचा, आयडीटीचा विनचिपसुद्धा. बोर्डावरचे इवलेसे जंपर हलवून व्होल्टेज आणि मल्टिप्लायर जुळवायचे, बायॉसने नव्या चिपला ओळख दिली की झालं. के६ ची तर गंमतच आहे. ती मूळची नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीची रचना. त्या कंपनीच्या आधीच्या प्रोसेसरला स्वतःचा वेगळाच बोर्ड लागायचा. एएमडीने कंपनी विकत घेतली आणि ती रचना सॉकेट ७ मध्ये बसेल अशी करून एप्रिल १९९७ मध्ये विकायला आणली. कारण उघड होतं. जगभरात सॉकेट ७ चे बोर्ड पडलेले होते आणि त्यातला प्रत्येक बोर्ड हे एएमडीसाठी संभाव्य गिऱ्हाईक होतं.

इंटेलला हे दिसत नव्हतं असं कोण म्हणेल?

मे १९९७ मध्ये पेंटियम २ आला आणि चौकोनच गायब झाला. त्याआधीचा, १९९५ चा पेंटियम प्रो एकाच आवरणात दोन चिपा घेऊन यायचा, एक प्रोसेसर आणि शेजारी लेव्हल-२ कॅश. दोन्ही बसवून झाल्याशिवाय कॅशची पुरी तपासणी करता यायची नाही. ती सदोष निघाली तर सोबतचा चांगला प्रोसेसरही फेकायचा. घरगुती मशीनला हे परवडणारं नव्हतं. म्हणून इंटेलने कॅश बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपांची केली, ती प्रोसेसरसकट एका छोट्या सर्किट बोर्डावर लावली, वर काळं कवच चढवलं आणि अख्खी कॅसेट मदरबोर्डवर उभी खोचायची सोय केली. आपण लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेममध्ये कॅसेट खोचायचो ना, अगदी तस्सं. २४२ संपर्कांची ही खाच म्हणजे स्लॉट १.

इथवरचं कारण शंभर टक्के खरं आहे, इंजिनिअर म्हणून मला पटतं. पण या खाचेमागून जी बस धावत होती, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात ती पद्धत, ती इंटेलच्या पेटंटांनी बांधलेली होती. एएमडीला एक्स८६ च्या सूचना वापरायचा हक्क होता, या बसचा नव्हता. म्हणजे भाषा बोलायला परवानगी, पण टेलिफोन लाईन मिळणार नाही! कॅशचा प्रश्न सुटला आणि त्याबरोबर प्रतिस्पर्ध्यांचा रस्ताही बंद झाला. यातलं मूळ कारण कुठलं आणि फुकटचा फायदा कुठला, यावर वाद घालत बसता येईल. मला स्वतःला वाटतं की दोन्ही एकाच बैठकीत टेबलावर असणार.

एएमडीने मग जुन्याच घरावर मजला चढवला. व्हिआ आणि एएलआय या तैवानी चिपसेटवाल्यांच्या साथीने सॉकेट ७ ला १०० मेगाहर्ट्झची बस आणि एजीपी जोडलं, नाव ठेवलं 'सुपर ७', आणि मे १९९८ मध्ये त्यात के६-२ बसवला.

माझं पहिलं मशीन १९९९ सालचं, लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेलं. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा!) बाबा सोबत होते. दुकानदाराने आधी विचारलं, इंटेल की एएमडी. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय म्हटल्यावर तो म्हणाला, "सोच लो साहब, दोनों का बोर्ड अलग है. बाद में बदली नहीं होगा." बजेट बघून के६-२ घेतला आणि तो पाच वर्षं इमानेइतबारे चालला. पण त्या दुकानदाराचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. तीन-चार वर्षांपूर्वी ते वाक्य कोणाला बोलावं लागत नव्हतं. अपग्रेड म्हणजे कंपनी निवडणं, हे पीसीच्या जगात त्या दोन वर्षांत ठरलं.

पुढे कॅश प्रोसेसरच्या चिपमध्येच मावायला लागली. ऑगस्ट १९९८ चा सेलेरॉन ३००ए हे पहिलं गाजलेलं उदाहरण, आणि तो ४५० मेगाहर्ट्झवर पळवणारे लोक आजही त्याच्याबद्दल पहिल्या प्रेमासारखं बोलतात. कॅश आत गेली म्हणजे कॅसेटची गरज संपली. १९९९ मध्ये इंटेल परत चौकोनावर आलं. पण सॉकेट ७ वर नाही, सॉकेट ३७० वर. कारण सरलं, कुंपण राहिलं. एएमडीनेही त्याच वर्षी अ‍ॅथलॉनसाठी स्वतःची खाच काढली, स्लॉट ए. बोर्डवाल्यांचा खर्च वाचावा म्हणून कनेक्टर स्लॉट १ चाच, फक्त उलटा फिरवलेला. आतली बस मात्र डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरकडून परवान्यावर घेतलेली. वर्षभरात तीही खाच गेली आणि २००० साली ४६२ पिनांचं सॉकेट ए आलं.

त्यानंतरची सर्वात वाईट फसगत झाली ती पेंटियम ४ च्या पहिल्या गिऱ्हाइकांची. नोव्हेंबर २००० मध्ये सॉकेट ४२३ आलं. सोबत रॅमबसची महागडी मेमरी, जिच्या रिकाम्या खाचांमध्येही डमी पट्टी खोचावी लागायची. आणि ऑगस्ट २००१ मध्ये सॉकेट ४७८ हजर. दहा महिन्यांचीसुद्धा नाही भरली त्या चौकोनाची! ४२३ मध्ये २ गिगाहर्ट्झच्या पुढे काहीच आलं नाही. त्याच काळात सॉकेट ए शांतपणे २००४-०५ पर्यंत चालत राहिलं.

यावरून "इंटेल दुष्ट, एएमडी सज्जन" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. कॉलेजात असताना आम्ही तो काढलाही होता आणि कँटीनमध्ये त्यावर भांडायचो. पण २००३ नंतरचं बघा.

अ‍ॅथलॉन ६४ ने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात घेतला. तांत्रिकदृष्ट्या फार मोठी उडी होती ती. आधी रॅमच्या तारा चिपसेटला जायच्या, आता थेट सॉकेटमध्ये आल्या. म्हणजे रॅमची व्यवस्था बदलली की सॉकेट बदलणं आलंच. सप्टेंबर २००३ मध्ये एएमडीने एकदम दोन सॉकेट काढली. ७५४ मध्ये मेमरीचा एकच चॅनल. ९४० मध्ये दोन, पण त्याला सर्व्हरची महाग 'रजिस्टर्ड' रॅम लागायची. जून २००४ मध्ये तिसरं, ९३९, दोन चॅनल आणि साधी रॅम. त्या वर्षी जुनं मशीन बदलायला निघालेल्या माणसासमोर ७५४ की ९३९ हा खराखुरा पेच होता. ७५४ स्वस्त होतं आणि रोजच्या कामात फरक फारसा जाणवायचा नाही. ज्यांनी पैसे वाचवले त्यांना वर्षभरातच कळलं की काय गमावलं. मे २००५ मध्ये दोन कोरचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ आला तो फक्त ९३९ वर. बायॉस अपडेट केलं की जुन्या ९३९ बोर्डावर दोन कोर चालू! ७५४ वाल्यांना डेस्कटॉपचा ड्युअल कोर कधीच मिळाला नाही.

बरं, ९३९ वाले तरी सुखी झाले का? मे २००६ मध्ये डीडीआर२ साठी एएम२ आलं आणि ९३९ चा रस्ताही संपला. दोन वर्षं. एएम२ च्या पिना मोजाल तर ९४०, पण जुन्या सॉकेट ९४० शी काही संबंध नाही, मांडणीच वेगळी. तीन वर्षांत चार सॉकेट काढणारी ही तीच सज्जन कंपनी. फरक इतकाच की त्या काळात एएमडी पुढे होती. सर्वात स्वस्त एक्स२ ची सुरुवातीची किंमत ५३७ डॉलर होती. ज्याचा माल असाच खपतो, त्याला जुन्या गिऱ्हाइकाची मनधरणी करायची निकड नसते.

मग इंटेलने जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आणला आणि पारडं फिरलं. लगेच एएमडीला जुन्या बोर्डवाल्यांचा कळवळा आला. २००९ चे एएम३ प्रोसेसर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही समजणारे केले, आणि दोन पिना कमी ठेवून असे बनवले की ते जुन्या एएम२+ बोर्डातही बसावेत. जुना प्रोसेसर मात्र नव्या बोर्डात बसत नाही. अपग्रेड करणाऱ्याला इतकं डोळ्यांसमोर ठेवून केलेलं डिझाइन क्वचितच दिसतं.

इंटेलच्या बाजूला एलजीए ७७५ बद्दल थोडं सांगायला हवं, कारण नुसत्या नावावर विसंबून लोक गंडतात ते तिथपासून. २००४ च्या या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरवरून मदरबोर्डवर गेल्या. संपर्क दाटीने बसवता येतात, वीज नीट पोचते, हे खरंच. (वाकलेली पिन आता बोर्डवाल्याच्या वॉरंटीची डोकेदुखी झाली हेही खरंच.) हे सॉकेट नावाने बरीच वर्षं टिकलं. पण २००४-०५ चे बरेचसे ७७५ बोर्ड कोअर २ ला चालत नव्हते, कारण त्यांचा वीज पुरवणारा भाग आणि चिपसेट त्यासाठी बनलेलाच नव्हता. चौकोन तोच, पिना तेवढ्याच, आणि तरी पडदा काळा.

हेच नाटक २०१७ मध्ये पुन्हा झालं, जास्त उघडपणे. जानेवारीत सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ वर आले. ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली, तीही एलजीए ११५१ वरच, पण अट अशी की बोर्ड ३०० मालिकेचाच हवा. इंटेलचं म्हणणं, सहा कोरना जास्त वीज लागते, म्हणून राखीव पिनांचा वापर बदलला. काही खटपट्या लोकांनी बायॉसमध्ये फेरफार करून आणि प्रोसेसरच्या काही बिंदूंवर चिकटपट्टी लावून जुन्याच बोर्डांवर आठवी पिढी चालवून दाखवली. म्हणजे अशक्य नव्हतं, परवानगी नव्हती.

आणि एएमडी? २०१५ च्या उन्हाळ्यात कंपनीचा शेअर दोन डॉलरच्या खाली गेला होता. अशा अवस्थेतल्या कंपनीने २०१७ मध्ये रायझनबरोबर वचन दिलं की एएम४ सॉकेट २०२० पर्यंत चालवू. रायझन चाललं. पारडं परत फिरलं. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं की पुढची रायझन ५००० मालिका जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही, जुन्या बायॉस चिपांत एवढ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. लोकांनी असा काही गदारोळ केला की त्याच महिन्यात निर्णय फिरवावा लागला. शेवटी २०२२ मध्ये, इंटेलची बारावी पिढी जोरात विकली जात असताना, थेट २०१७ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिका खुली झाली. जागेची अडचण खरी होती, काही बोर्डांच्या नव्या बायॉसमधून जुन्या प्रोसेसरांची नावं काढावी लागली. पण जागा झाली! त्याच कंपनीचं, जिथे तिला टक्कर नव्हती तिथलं, २०१९ चं थ्रेडरिपरचं एसटीआरएक्स४ सॉकेट मात्र एकाच मालिकेनंतर संपलं.

तर सध्याचा हिशोब. माझ्याकडे या दिवाळीनंतर दोन मशीन आली, दोन्ही २०१७ ची. एक ठाण्याच्या मावसभावाचं, रायझन ५ १६०० आणि बी३५० बोर्ड. दुसरं ऑफिसातल्या मित्राचं, सातव्या पिढीचा आय५ आणि बी२५० बोर्ड. घेतली तेव्हा किमतीत चार-पाच हजारांचा फरक असेल. दोन्ही प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत.

मित्राला मी सांगितलं, "या बोर्डात सर्वात वरचा बसेल तो आय७-७७००के, आणि तोही यादीत नाही. त्यात पैसे घालू नकोस." तो म्हणाला, "अरे, पण आठवी पिढीपण ११५१ च आहे, नेटवर दिसतेय." तेव्हा वरची सगळी कथा त्याला चहावर ऐकवली. त्याच्या मशीनवर आता लिनक्स आहे, मुलीचा अभ्यास आणि ब्राउझिंग आरामात होतं. ज्याला विंडोजच हवं त्याला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा तिहेरी खर्च आहे, कारण नव्या बोर्डात जुनी डीडीआर४ चालेलच असं नाही. एएम५ घ्याल तर डीडीआर५ घ्यावीच लागते.

मावसभावाला मात्र एक रायझन ५ ५६०० पुरला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. "दादा, म्हणजे मी तेव्हा बरोबर निवडलं होतं ना?" असं त्याने फोनवर दोनदा विचारलं. हो म्हटलं. त्याने तेव्हा स्वस्त पडलं म्हणून घेतलं होतं हे मला माहीत आहे, पण दिवाळीत कशाला बोला.

एएम४ वर हे करणार असाल तर क्रम तेवढा सांभाळा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर तुमच्या नेमक्या मॉडेलची, शक्यतो रिव्हिजन नंबरसकट, प्रोसेसरची यादी असते. त्यात चिपचं नाव आणि शेजारी लागणारी बायॉस आवृत्ती बघा. जुना प्रोसेसर आत असतानाच बायॉस अपडेट करा, मध्ये आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवायला सांगितली असेल तर तशीच चढवा, आणि त्या वेळी यूपीएस असू द्या, आपल्याकडच्या विजेचा भरवसा नाही. मग मशीन दहा मिनिटं जरा काम देऊन तापवा, बंद करून प्लग काढा आणि लगेच कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएम४ च्या पिना प्रोसेसरवर असतात. वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर दांडी बंद असतानाही सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर वर येतो, आणि मग भिंग घेऊन पिना सरळ करत बसायची वेळ येते.